मुलांना तारे दाखवताना : पालक आणि शिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांसोबत आकाश बघायला लागून मला बरीच वर्षं झाली. या काळात पालकांनी आणि शिक्षकांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न मुलांचेच आहेत. उत्तर देताना मोठी माणसं अडली, म्हणून ते माझ्यापर्यंत आले. माझा एक आग्रह मात्र आधीच सांगते : एका रात्रीत पन्नास तारे दाखवू नका, एकच तारा पन्नास रात्री दाखवा.

कोणत्या वयापासून सुरुवात करावी?

मूल चंद्राकडे बोट दाखवायला लागलं की सुरुवात झालीच. तीन-चार वर्षांच्या मुलाला ‘तो बघ, सगळ्यात जास्त चमकतोय तो’ एवढं पुरे. सहा-सात वर्षांची मुलं ठिपके जोडून आकार बघायला लागतात. दिशा, ऋतू, तारा रोज थोडा आधी उगवतो हे सगळं साधारण आठ-नऊच्या पुढे. पण याचा फार हिशेब ठेवू नका. पाच वर्षांच्या मुलीने ‘तो तारा काल त्या झाडाच्या वर होता’ असं मला सांगितलेलं आहे, आणि ती बरोबर होती.

मला स्वतःलाच काही ओळखता येत नाही. मग मुलांना कसं शिकवू?

खरं सांगायचं तर, तुम्हाला फार येत नाही हे मुलांच्या पथ्यावरच पडतं. ज्यांना भरपूर येतं ते नावांचा मारा करतात आणि मुलं आकाशाकडे न बघता त्यांच्या बोटाकडे बघत राहतात. ‘मलाही माहीत नाही, चल शोधू’ असं म्हणणाऱ्या माणसाबरोबर मूल जास्त वेळ उभं राहतं. वर्षभराला पाच आकार आले तरी चालतील. जानेवारी ते मार्चच्या संध्याकाळी मृग, एप्रिल-मेमध्ये सप्तर्षी आणि सिंह, जुलै-ऑगस्टमध्ये वृश्चिक, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हंस. वृश्चिक तर शिकवावाही लागत नाही. नांगी उगारलेला विंचू इतका हुबेहूब दिसतो, की मुलं आपणहून ओरडतात.

पहिलं नक्षत्र कोणतं दाखवावं?

मृग. इथे मी कुठलीही तडजोड करत नाही.

कारण सांगते. एका ओळीत, जवळजवळ सारख्या अंतरावर, सारख्या तेजाचे तीन तारे आकाशात दुसरीकडे इतके ठळक कुठेच नाहीत. हा मृगाच्या पोटात रुतलेला बाण. त्याच्या भोवतीचे चार तारे म्हणजे हरणाचे चार पाय. चौकोनाच्या उत्तरेला तीन अंधूक ताऱ्यांचा इवलासा झुबका आहे, ते हरणाचं डोकं, म्हणजे मृगशीर्ष. बाण मारला कोणी? बाणाची रेघ एका बाजूला वाढवत न्या, साधारण सव्वादोन मुठींवर तुम्ही थेट व्याधावर पोचता. सूर्य सोडला तर आपल्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा तोच. आता तीच रेघ उलट बाजूला न्या. जवळपास तेवढ्याच अंतरावर तांबूस रोहिणी सापडते, आणि आणखी दीड मूठ पुढे गेलं की कृत्तिकांचा पुंजका. एका रेघेत शिकारी, शिकार आणि दोन शेजारणी! मुलांना ही गोष्ट एकदा सांगितली की ती पुढच्या आठवड्यात दुसऱ्याला सांगतात, आणि सांगताना आकाशात हात फिरवतात. तो हात बरोबर फिरला की समजायचं, शिकून झालं.

मृगाचं आणखी एक मोल आहे. बाणाचा उत्तरेकडचा तारा खगोलीय विषुववृत्ताच्या, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात मानलेल्या रेघेच्या, अगदी जवळ आहे, त्यामुळे तो बरोबर पूर्वेला उगवतो आणि बरोबर पश्चिमेला मावळतो. होकायंत्राची गरज पडत नाही. पृथ्वीवर मृग दिसत नाही अशी वस्ती जवळजवळ नाहीच. फक्त दक्षिण गोलार्धात तो उलटा दिसतो. मुलांना पाय फाकवून, वाकून, पायांमधून मृग बघायला सांगा. तिकडच्या मुलांना तो साधारण तसा दिसतो.

बोटाने दाखवलेला तारा मुलांना सापडतच नाही. काय करू?

हा सगळ्यांचाच अनुभव. तुमचं बोट तुमच्या डोळ्याच्या रेषेत असतं, मुलाच्या नाही. म्हणून गुडघ्यावर बसा, मुलाच्या मागून तुमचा हात त्याच्या गालाला लागेल असा पुढे करा आणि मग दाखवा. त्याहून चांगलं म्हणजे मुठीचं माप शिकवा. हात सरळ ताणून एक डोळा मिटला, की आपली मूठ आकाशात साधारण १० अंश झाकते, मधली तीन बोटं ५ अंश आणि करंगळी १ अंश. मुलांची मूठ छोटी असते, पण हातही तेवढाच आखूड असतो, त्यामुळे माप जवळपास तेच राहतं.

एकदा आठ-दहा मुलांचा घोळका होता. सप्तर्षींवरून ध्रुव शोधायचा होता. सप्तर्षींच्या चौकोनात शेपटीपासून सगळ्यात लांबचे दोन तारे म्हणजे पुलह आणि क्रतू. पुलहापासून क्रतूकडे रेघ काढायची आणि त्या दोघांमधल्या अंतराच्या पाचपट पुढे जायचं. ‘पाचपट’ ऐकून सगळे गप्प. मग म्हटलं, क्रतूपासून तीन मुठी मोजा. एका मुलाने एक मूठ धरली, तिच्यावर दुसऱ्या हाताची मूठ चढवली आणि तिसऱ्या मुठीला त्याला हातच उरला नाही. शेजारच्या मुलीने आपला हात त्याच्या मुठीवर चढवला आणि मग दोघं एकदमच म्हणाली, ‘हा इथे एकटाच आहे!’ ध्रुवाचं इतकं नेमकं वर्णन मी आजवर केलं नव्हतं. त्याच्या आसपास खरंच दुसरा ठळक तारा नाही.

आकाशात रेघ काढणारे हिरवे लेसर मात्र मुलांच्या हाती देऊ नका. डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते आणि विमानचालकांनाही त्यांचा धोका असतो.

ध्रुवतारा सगळ्यात तेजस्वी असतो ना?

नाही. तेजस्वितेच्या यादीत त्याचा नंबर पन्नासाच्या आसपास लागतो. त्याचं मोठेपण त्याच्या जागेत आहे. पृथ्वीचा अक्ष जवळपास त्याच्याकडे रोखलेला असल्यामुळे बाकी सगळे तारे फिरताना दिसतात आणि तो तिथेच राहतो. त्याची क्षितिजापासूनची उंची म्हणजे तुमच्या जागेचा अक्षांश. २० अक्षांशावर दोन मुठी, ४० वर चार. विषुववृत्ताच्या दक्षिणेला तो दिसतच नाही. मोठ्या मुलांना पुढचंही सांगा. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, एका फेरीला सुमारे २६,००० वर्षं लागतात, त्यामुळे ध्रुवपदावर कायम एकच तारा राहत नाही. आणखी सुमारे १२,००० वर्षांनी अभिजित हा ठळक तारा त्या जागेच्या जवळ आलेला असेल.

तारे फिरतात हे घरात बसून कसं दाखवता येईल?

काळी छत्री घ्या. आतल्या बाजूला, दांडा जिथे कापडाला भिडतो, तिथे ध्रुव. त्याच्या एका बाजूला खडूने सप्तर्षींचे सात ठिपके काढा, बरोबर समोरच्या बाजूला शर्मिष्ठा या तारकासमूहाचे पाच. मुलाला छत्रीखाली उभं करा, टोक उत्तरेकडे कलतं धरा आणि दांडा घड्याळाच्या उलट दिशेने सावकाश फिरवा. सप्तर्षी खाली गेले की शर्मिष्ठा वर येते, हे मुलांना आपोआप दिसतं. एरवी हे समजावताना माझ्या फळ्यावर आकृत्यांची गर्दी व्हायची. छत्री हातात आल्यापासून एकही काढावी लागलेली नाही.

नक्षत्र, तारकासमूह आणि रास यांत फरक काय?

बोलताना आपण तिन्ही शब्द एकमेकांत मिसळतो, त्यामुळे मुलांचा गोंधळ होतो. चंद्राला ताऱ्यांमधून एक फेरी मारायला सुमारे २७.३ दिवस लागतात. रोज रात्री तो ज्या घरी मुक्काम करतो असं मानलं, ती २७ नक्षत्रं. सूर्याच्या वर्षभराच्या वाटेचे १२ सारखे भाग, त्या राशी. आणि तारकासमूह म्हणजे सगळ्या आकाशाची वाटणी. आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने १९२२ मध्ये त्यांची यादी ठरवली आणि पुढच्या काही वर्षांत प्रत्येकाच्या हद्दी आखल्या. असे ८८ तारकासमूह आहेत. शेतांचे बांध असावेत तसे. आकाशातला प्रत्येक बिंदू कुठल्या ना कुठल्या समूहात येतोच.

महिन्यांची नावं इथे फार कामी येतात. चित्रावरून चैत्र, विशाखावरून वैशाख, कृत्तिकांवरून कार्तिक, मृगशीर्षावरून मार्गशीर्ष, मघावरून माघ. त्या महिन्याचा पौर्णिमेचा चंद्र त्या नक्षत्राच्या आसपास असतो. माघी पौर्णिमेला चंद्र अंगठ्याआड झाका आणि जवळपासचा ठळक तारा शोधायला सांगा. तो मघा असतो. लहानपणापासून पाठ असलेलं महिन्याचं नाव वर आकाशात दिसल्यावर मुलांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

‘जूनमध्ये मृग लागतो’ म्हणतात, मग तेव्हा आकाशात मृग का दिसत नाही?

कारण तेव्हा सूर्यच मृगात असतो. ते तारे दिवसभर सूर्यासोबत डोक्यावरून जातात आणि उजेडात हरवतात. सहा महिन्यांनी, डिसेंबरात, सूर्य बरोबर विरुद्ध बाजूला जातो आणि मृग मध्यरात्री डोक्याशी येतो. ‘नक्षत्र लागणं’ म्हणजे ‘नक्षत्र दिसणं’ नव्हे, हे मोठ्यांनाही सांगावं लागतं.

आमच्या राशीचं भविष्य खरं असतं का, असं मुलं विचारतात.

मी सरळ सांगते : ताऱ्यांवरून माणसाचं भविष्य कळतं याला आधार मिळालेला नाही. मग मुलांना आकाशाकडे वळवते. सूर्याची वाट बारा नाही, तेरा तारकासमूहांतून जाते. तेरावा भुजंगधारी, नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत सूर्य त्यात असतो. ‘मग माझी रास कुठली?’ या प्रश्नापेक्षा ‘आत्ता सूर्य कुठे आहे?’ हा प्रश्न मुलांना जास्त आवडायला लागतो.

शहरात तारेच दिसत नाहीत. उपयोग आहे का?

आहे, आणि पहिल्या काही महिन्यांसाठी शहर वाईट नाही असं माझं मत आहे. दाट काळोखात एका वेळी दोन-अडीच हजार तारे दिसू शकतात आणि त्या गर्दीत नवख्याला मृगसुद्धा चटकन सापडत नाही. शहराच्या उजेडात उरतात ते तीस-चाळीस तारे, आणि आपल्याला हवे असलेले त्यांतच आहेत. फक्त जवळचा दिवा भिंतीआड जाईल अशी जागा शोधा. अंधाराला डोळे सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. मध्ये एकदा जरी मोबाइलचा पांढरा पडदा बघितला, तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद बांधा.

तारे लुकलुकतात का?

तारे नाही, आपली हवा लुकलुकते. ग्रह ठिपक्यापेक्षा थोडे मोठे, तबकडीसारखे असतात, म्हणून ते बहुधा स्थिर दिसतात.

दिवसा तारे कुठे जातात?

कुठेच नाही. भर उन्हात खिडकीत टॉर्च लावून दाखवा, मग तोच टॉर्च अंधाऱ्या खोलीत. एवढ्यावर चार वर्षांच्या मुलाचंही समाधान होतं.

सगळे तारे पांढरेच दिसतात. रंग कसे दाखवायचे?

एकेकटा तारा बघून रंग कळत नाही, जोडी लावावी लागते. मृगाच्या चौकोनात समोरासमोरच्या कोपऱ्यांत काक्षी आणि राजन्य आहेत. एक तांबूस, दुसरा निळसर पांढरा. आळीपाळीने बघायला सांगा. लाल म्हणजे थंड आणि निळा म्हणजे तापलेला, हे मुलांना उलटं वाटतं, कारण नळावर लाल खूण गरम पाण्याची असते. काक्षीचा पृष्ठभाग सुमारे ३,५०० अंश, आपल्या सूर्याचा ५,५०० च्या आसपास आणि राजन्याचा १२,००० च्या आसपास.

एका नक्षत्रातले तारे एकमेकांजवळ असतात का?

बहुतेक वेळा नाही. सप्तर्षींमधले पाच तारे आपल्यापासून साधारण ८० प्रकाशवर्षांवर (प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाश एका वर्षात जेवढं अंतर कापतो तेवढं) आहेत आणि एकाच दिशेने जात आहेत. टोकांचे दोघे, क्रतू आणि मरीची, त्यांच्यामागे शंभराहून जास्त प्रकाशवर्षांवर आहेत आणि त्यांची वाट वेगळी आहे. कागदाचे सात गोळे छतापासून पुढे-मागे टांगा. एका जागी उभं राहिलं तर सप्तर्षी, दोन पावलं बाजूला सरकलं की आकार मोडला.

वसिष्ठाशेजारची अरुंधती या निमित्ताने दाखवाच. दोघांमधलं अंतर पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या साधारण एक-तृतीयांश आहे, चांगल्या नजरेला ते सुटे दिसतात. आणि छोट्या दुर्बिणीतून बघितलं की वसिष्ठ स्वतःच दोन तारे निघतो.

प्रकाशवर्ष ही कल्पना मुलांना कशी समजावायची?

साडेनऊ लाख कोटी किलोमीटर हा आकडा सांगून काहीही होत नाही. शून्यं मोजून मुलं मोकळी होतात. सूर्य आणि पृथ्वी यांमधलं अंतर १ मीटर मानलं, तर सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा सुमारे २७० किलोमीटरवर येतो, हे थोडं पोचतं. पण मुलांना खरं भिडतं ते वय. म्हणून मी प्रत्येकाला ‘वाढदिवसाचा तारा’ देते.

व्याधाचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला साधारण साडेआठ वर्षं लागतात. म्हणजे साडेआठ वर्षांच्या मुलाने आज व्याध बघितला, तर डोळ्यात शिरणारा उजेड तो जन्मला तेव्हा तिकडून निघालेला आहे. साडेअकराला प्रश्वा. सोळा-सतराच्या ताईला श्रवण. पंचविशीला अभिजित. आई किंवा शिक्षक सदतीस वर्षांचे असतील तर स्वाती, बेचाळीस-त्रेचाळीसला ब्रह्महृदय. पासष्टीच्या आजीला रोहिणी, आणि ऐंशीला टेकलेल्या आजोबांना मघा. घरातल्या माणसांची अशी यादी करून मुलं रात्री एकेकाला अंगणात ओढून नेतात. एका मुलाने आजीला रोहिणी दाखवून सांगितलं, ‘हा उजेड तुझ्याएवढाच म्हातारा आहे.’ आजी बराच वेळ वर बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, ‘एवढं चालून दमला नाही तो.’

आपल्याला दिसणारे तारे खरं तर कधीच मरून गेलेले असतात, हे खरं आहे का?

ही फार पसरलेली आणि मुलांना उगाच उदास करणारी समजूत आहे. नुसत्या डोळ्यांना दिसणारे बहुतेक तारे काहीशे ते फार तर काही हजार प्रकाशवर्षांवर आहेत. ताऱ्यांचं आयुष्य मात्र लाखो ते अब्जावधी वर्षांचं असतं. त्यामुळे तुम्ही बघताय ते जवळजवळ सगळे आत्ताही तिथे आहेत.

‘आजोबा तारा झाले का?’ असं विचारलं तर काय सांगावं?

कुणी असं सांगितलेलं असेल तर मी ते तोडून टाकत नाही, आणि खोटंही बोलत नाही. एका मुलीने मला हे विचारलं तेव्हा मी तिलाच विचारलं, ‘कोणता तारा?’ तिने अभिजित दाखवला. मग मी तिला जे खात्रीने माहीत आहे ते सांगितलं. आपल्या रक्तातलं लोह आणि हाडांमधलं कॅल्शियम फार पूर्वीच्या ताऱ्यांमध्ये तयार झालेलं आहे. तारे संपले, तो माल अवकाशात पसरला, त्यातून पुढे सूर्य, पृथ्वी आणि आपण. म्हणजे आजोबा तारा झाले की नाही हे मला सांगता येणार नाही, पण ते ताऱ्यांपासून झालेले होते. तिने आपल्या मनगटावरची शीर दाबून बघितली आणि विचारलं, ‘मी पण?’

अ‍ॅप वापरू की फिरता नकाशा? आणि दुर्बीण?

आधी फिरता नकाशा, म्हणजे तारीख आणि वेळ जुळवली की तेव्हाचं आकाश दाखवणारी तबकडी. अ‍ॅप नाव लगेच सांगतं, त्यामुळे शोधणं उरतच नाही. स्टेलॅरियमसारखं मोफत सॉफ्टवेअर संध्याकाळी घरात बसून ‘आज काय दिसेल’ हे ठरवायला उत्तम. बाहेर मात्र ते नको. दुर्बीण पहिल्या वर्षी घेऊ नका. घ्यायचीच असेल तर ७×५० किंवा १०×५० ची (सात किंवा दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगाची) द्विनेत्री, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी बघायची दुर्बीण, घ्या. कृत्तिका, चंद्रावरची विवरं आणि मृगाच्या बाणाखालचा धुरकट तेजोमेघ तिच्यातून सुरेख दिसतात. तो तेजोमेघ सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवर आहे आणि तिथे आजही नवे तारे जन्माला येत आहेत. द्विनेत्री सूर्याकडे कधीही, क्षणभरही वळवायची नाही, हे हातात देण्याआधी सांगा आणि मुलांकडून म्हणवून घ्या.

आकाशाच्या नकाशात पूर्व आणि पश्चिम उलट का छापलेल्या असतात?

जमिनीचा नकाशा वरून खाली बघायचा असतो, आकाशाचा खालून वर. तो डोक्यावर उपडा धरा, उत्तरेची बाजू उत्तरेकडे करा; पूर्व पूर्वेला येते.

उल्का आणि कृत्रिम उपग्रह यांत फरक कसा करायचा?

क्षणात रेघ ओढून विझली तर उल्का; बहुतेक वेळा ती वाळूच्या कणाएवढी असते. न लुकलुकता मिनिट-दोन मिनिटं सरकत राहिला तर उपग्रह. लाल-हिरवे दिवे उघडझाप करत असतील तर विमान. उल्का बघायला १३-१४ डिसेंबरची रात्र मुलांसाठी सर्वांत सोयीची, कारण मिथुनेतला वर्षाव रात्री लवकर सुरू होतो.

एकच तारा रोज बघून मुलं कंटाळत नाहीत का?

नुसतं बघायला सांगितलं तर कंटाळतात. काम दिलं तर नाही. घरातल्या एका खिडकीसमोर जमिनीवर चिकटपट्टीने पावलांची खूण करा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, मुलाने त्या खुणेवर उभं राहून, काचेवर जिथे तारा दिसतो तिथे ठिपका काढायचा आणि तारीख लिहायची. तारा रोज सुमारे ४ मिनिटं आधी उगवतो, म्हणून आठवड्यात जवळपास अर्धा तास, महिन्यात दोन तास. काचेवर ठिपक्यांची वाकडी रांग तयार होते, पश्चिमेकडे जाणारी. मग एका आठवड्यात तारा चौकटीबाहेर जातो आणि मूल विचारतं, ‘आता कुठे गेला?’ काच पुसू नका. पुढच्या वर्षी त्याच तारखेला, त्याच वेळी, मुलाला पुन्हा त्या खुणेवर उभं करा. ठिपका मात्र थोडा वर धरावा लागेल, कारण वर्षभरात मुलाची उंची वाढलेली असते.